बहुधा एकदाच फिरणारा लूप

रसग्रहण म्हटले की कविता आठवते. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा तीन अंगांनी ते लिहायची सवय दहावीच्या वर्गातच आपल्याला लागलेली असते. ज्या मजकुराविषयी मला लिहायचे आहे तो एखाद्या छोट्या कवितेएवढाच आहे, पण तो लिहिला जातो यंत्राला उद्देशून. ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगातल्या असंख्य वस्तूंच्या पोटात तो थोड्याफार फरकाने सापडतो. भाषा आहे लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेज, थोडक्यात एलएसएल. मूळ कोड रोमन लिपीत असतो. इथे वाचण्यासाठी देवनागरीत उतरवला आहे.

टच_स्टार्ट(इंटिजर टोटल_नंबर)
{
    इंटिजर आय;
    फॉर (आय = ०; आय < टोटल_नंबर; ++आय)
    {
        एलएल-रीजन-से-टू(एलएल-डिटेक्टेड-की(आय), ०, "नमस्कार, " + एलएल-डिटेक्टेड-नेम(आय));
    }
}

कोणी या वस्तूला स्पर्श केला, म्हणजे तिच्यावर माउसने क्लिक केले, की वस्तू त्याचे नाव घेऊन त्याला नमस्कार करते. काम एवढेच. पण ज्याने फॉर लूप पाठ्यपुस्तकात पाहिला आहे, एक ते दहा आकडे छापण्यासाठी किंवा पाढे म्हणण्यासाठी, त्याने तो इथे जरूर पाहावा. पुस्तकातल्या लूपची मर्यादा लिहिणाऱ्याने ठरवलेली असते. या लूपची मर्यादा बाहेरून, इतर माणसांकडून येते. एलएसएलमधल्या फॉर लूपचे सारे सौंदर्य मला या एका गोष्टीत दिसते, आणि त्याच्या बहुतेक अडचणीही तिथूनच निघतात.

हे जग कसे आहे ते थोडक्यात सांगायला हवे. सॅन फ्रान्सिस्कोच्या लिंडेन लॅब या कंपनीने सेकंड लाइफ २३ जून २००३ रोजी खुले केले. फिलिप रोझडेल हे कंपनीचे संस्थापक. इथे जिंकणे-हरणे नाही, गुण नाहीत, पुढची पातळी नाही. जमीन २५६ मीटर लांब आणि तितक्याच रुंद चौकोनांत विभागलेली आहे, त्या चौकोनाला रीजन म्हणतात. त्यावरची घरे, होड्या, दिवे, बागा, अंगावरचे कपडे हे जवळजवळ सगळे तिथे वावरणाऱ्या लोकांनी स्वतः घडवलेले आहे. घडवलेली वस्तू आपण होऊन काही करत नाही. दार उघडायला हवे असेल, होडी चालायला हवी असेल, तर तिच्या आत स्क्रिप्ट ठेवावी लागते. त्या स्क्रिप्टची भाषा कोरी ओंद्रेइका यांनी रचली. वळण सी भाषेचे: तेच महिरपी कंस, तोच अर्धविराम, तोच फॉर. डेटाचे प्रकार मोजून सात, आणि त्यांतले तीन, की, व्हेक्टर आणि रोटेशन, हे कोण आहे, कुठे आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे एवढे सांगण्यासाठीच जन्मलेले. जिच्या मूळ प्रकारांत ‘कोण’ आणि ‘कुठे’ यांना आकड्यांच्या बरोबरीची जागा मिळाली, अशा या भाषेतला लूपही माणसांकडे आणि जागांकडे वळतो यात नवल नाही.

आता पहिली ओळ. टच_स्टार्ट हा एक इव्हेंट आहे. एलएसएलची स्क्रिप्ट वरून खाली एकदा धावून संपत नाही; ती बाहेर काही घडण्याची वाट पाहते आणि घडले की जागी होते. स्पर्श झाला की सर्व्हर तिला जागे करतो आणि कंसात एक संख्या देतो: टोटल_नंबर. सर्व्हरच्या त्या एका क्षणात किती जणांनी स्पर्श केला, ती ही संख्या.

एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. सेकंड लाइफमध्ये नवी स्क्रिप्ट उघडली की आत एक तयार नमुना असतो. स्क्रिप्ट सुरू होताच तो ‘हॅलो, अवतार!’ म्हणतो आणि स्पर्श झाला की ‘टच्ड’ म्हणतो. त्या नमुन्यातही टोटल_नंबर लिहिलेला आहे, पण त्याचा वापर कुठेच केलेला नाही. म्हणजे प्रत्येक शिकाऊ माणसाच्या डोळ्यांसमोर ही संख्या पहिल्या दिवसापासून असते आणि तो तिच्यावरून सरळ पुढे जातो. स्पर्श करणाऱ्याचे नाव हवे असेल तर तो एलएल-डिटेक्टेड-नेमच्या कंसात शून्य लिहितो आणि मोकळा होतो. शून्य म्हणजे यादीतला पहिला. एकट्याने तपासून पाहताना हे नेहमीच बरोबर चालते, कारण तपासणारा एकटाच असतो. गर्दीच्या दिवशी, एखाद्या प्रदर्शनात किंवा दुकानाच्या उद्‌घाटनाला, दोघांची बोटे एकाच क्षणात पडतात. मग एकाला नमस्कार मिळतो आणि दुसऱ्याला काहीच मिळत नाही. स्क्रिप्ट चूक झाल्याचा संदेश दाखवत नाही, थांबत नाही. तो दुसरा माणूस मात्र आपले क्लिक नीट बसले नाही असे समजून पुन्हा करतो किंवा निघून जातो.

वरच्या तुकड्यातला फॉर त्या दुसऱ्या माणसासाठी लिहिलेला आहे. सर्व्हर सेकंदाला ४५ फ्रेमच्या गतीने चालतो, म्हणजे एक क्षण साधारण २२ मिलिसेकंदांचा. इतक्या फटीत दोन स्पर्श येणे दुर्मीळच. म्हणून हा लूप बहुधा एकदाच फिरतो. शून्यापासून सुरू होतो, एकाला नमस्कार करतो, आय एक होतो, अट मोडते, संपला. शंभर वेळा फिरणाऱ्या लूपचे कौतुक सगळेच करतात. मला हा एकदाच फिरणारा अधिक मोलाचा वाटतो. लिहिणाऱ्याने जो माणूस कधी पाहिलेला नाही, कदाचित कधी येणारही नाही, त्याची जागा त्याने या ओळीत राखून ठेवली आहे.

दुसरी ओळ: इंटिजर आय. ती फॉरच्या बाहेर का, असा प्रश्न सी प्लस प्लस किंवा जावा शिकलेल्याला पडतो. एलएसएलमध्ये फॉरच्या कंसात नवा व्हेरिएबल जन्माला घालता येत नाही. तिथे फक्त किंमत देता येते. त्यामुळे आयची घोषणा आधी, स्वतंत्र ओळीवर, करावी लागते आणि लूप संपल्यावरही आय जिवंत राहतो. ही भाषेची अडचण आहे असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तिचा उपयोग दिसतो. लूप संपल्यानंतर आयमध्ये जी संख्या उरते ती ‘किती जणांपर्यंत पोहोचलो’ याचे उत्तर असते, आणि मधेच बाहेर पडावे लागले तर कुठे थांबलो याचेही. वाचणाऱ्यालाही ती ओळ आधीच सांगून ठेवते की आता काहीतरी मोजले जाणार आहे.

फॉरच्या ओळीतले तीन भाग ओळखीचे आहेत. ++आय आणि आय++ यांपैकी पहिले रूप एलएसएलचे जुने जाणते लोक आग्रहाने वापरतात. दुसऱ्या रूपात आधीची किंमत बाजूला जपून ठेवावी लागते आणि लूपमध्ये तिची गरज कोणालाच नसते. फरक सूक्ष्म आहे, पण हे आग्रह कसे जन्मले ते कळले की कोड वाचण्याची गोडी वाढते. सुरुवातीच्या काळात एका स्क्रिप्टला कोड, स्टॅक आणि डेटा या सगळ्यांसाठी मिळून १६ किलोबाइट मेमरी होती. ऑगस्ट २००८ मध्ये स्क्रिप्ट चालवणारी मोनो ही नवी यंत्रणा आली, वेग पुष्कळ वाढला आणि मेमरी ६४ किलोबाइट झाली. आजच्या मोबाइलमधल्या एका फोटोपुढेही ही जागा काही नाही. त्या सोळा किलोबाइटांत दिवस काढलेल्यांनी प्रत्येक चिन्हाकडे काटकसरीने पाहायची सवय लावून घेतली. त्यांच्याच वळणाचा सल्ला असा की फॉर किंवा व्हाइलपेक्षा डू-व्हाइल थोडा जलद चालतो, कारण तो अट शेवटी तपासतो. आपल्या तुकड्यात तो वापरणे अगदी निर्धोक आहे. स्पर्शाचा इव्हेंट आला याचा अर्थच किमान एक माणूस आहे. शून्य माणसांचा स्पर्श संभवत नाही. तरीही मी इथे फॉरच निवडेन. आरंभ, मर्यादा आणि पाऊल हे तिन्ही एका ओळीत दिसणे ही वाचणाऱ्याची सोय आहे, आणि दोन-चार फेऱ्यांच्या लूपमध्ये वाचलेल्या वेळेपेक्षा ती सोय मोठी आहे.

आता सर्वांत आतली ओळ. तिच्यातला एक बारकावा मला विशेष आवडतो. एलएसएलमध्ये अधिक चिन्हाच्या दोन बाजूंपैकी उजवी बाजू आधी सोडवली जाते. म्हणजे ‘नमस्कार’ आणि नाव यांची जोडणी होताना नाव आधी विचारले जाते आणि नमस्कार नंतर त्याला येऊन मिळतो. निकालात काही फरक पडत नाही. वाचताना मात्र आपण डावीकडून उजवीकडे जातो आणि यंत्र उजवीकडून डावीकडे, हे ठाऊक असलेले बरे. ज्या ओळीत दोन्ही बाजू एकाच व्हेरिएबलला हात लावतात तिथे हा क्रम निर्णायक ठरतो.

बोलण्यासाठी कोणते फंक्शन निवडले आहे तेही पाहा. एलएल-से वापरले असते तर २० मीटरच्या परिसरातल्या सगळ्यांना प्रत्येकाचा नमस्कार ऐकू गेला असता. एलएल-इन्स्टंट-मेसेज वापरले असते तर संदेश फक्त त्या माणसाला गेला असता, पण या फंक्शनला एक अट जोडलेली आहे: प्रत्येक संदेशानंतर स्क्रिप्ट २ सेकंद झोपी जाते. पंगतीत वाढणारा प्रत्येक पानापाशी दोन सेकंद डोळे मिटून उभा राहिला तर शेवटच्या पानावर भात केव्हा पडेल? लूपमध्ये नेमके हेच होते. एकट्या फेरीत न जाणवणारा विलंब फेऱ्यांच्या संख्येने गुणला जातो. ई-मेल पाठवण्याच्या फंक्शनमागे २० सेकंदांची झोप आहे. ते लूपमध्ये घातले तर तीन पत्रांना एक मिनिट. म्हणून एलएल-रीजन-से-टू: एकाच माणसाला ऐकू जाते आणि झोप नाही. एलएसएलमधला लूप वाचताना मी आधी कंसाच्या आत पाहतो आणि तिथले फंक्शन किती वेळ झोपते ते आठवतो. लूपचा खरा वेग तिथे ठरतो.

हा झाला स्पर्शाचा लूप. आता होडीकडे येऊ, कारण होडीतला लूप मला या भाषेतला सर्वांत सुंदर वाटतो.

सेकंड लाइफमधली होडी अनेक ठोकळे जोडून झालेली असते. ठोकळ्याला प्रिम म्हणतात आणि जोडलेल्या प्रत्येक प्रिमला एक क्रमांक असतो. मुख्य प्रिमचा क्रमांक १, बाकीचे २, ३ असे पुढे. सगळ्या भागांवर काही करायचे, समजा रंग द्यायचा, तर लूप असा (एन म्हणजे भागांची एकूण संख्या):

फॉर (आय = १; आय <= एन; ++आय)

इथे आरंभ एकपासून आणि मधे ‘पेक्षा लहान किंवा समान’. मघाशी शून्य होते आणि नुसते ‘पेक्षा लहान’. स्पर्श करणाऱ्यांची मोजणी शून्यापासून आणि जोडलेल्या भागांची एकपासून, ही विसंगती शिकणाऱ्याला त्रास देते हे खरे. पण ती निर्हेतुक नाही, कारण शून्याला इथे वेगळा अर्थ आहे. कशालाही न जोडलेल्या, एकट्या प्रिमचा क्रमांक शून्य असतो. त्याच एकट्या प्रिमवर कोणी येऊन बसले की त्याचा क्रमांक एक होतो, आणि बसलेल्या माणसाचा दोन.

हो, माणसाचाही. एखाद्या वस्तूवर अवतार, म्हणजे या जगातली माणसाची आकृती, बसला की सर्व्हरच्या लेखी तो त्या वस्तूचा जोडलेला भाग होतो. एलएल-गेट-नंबर-ऑफ-प्रिम्स हे फंक्शन फक्त ठोकळे मोजत नाही, बसलेली माणसेही मोजते. ठोकळ्यांचे क्रमांक आधी, त्यांच्यानंतर माणसे, बसली त्या क्रमाने. दहा भागांच्या होडीत दोघे बसले तर एन होतो बारा आणि आपला लूप अकराव्या व बाराव्या फेरीत लाकडावरून माणसांवर येतो. रंग देणाऱ्या लूपचे तिथे काही बिघडत नाही. माणसाला रंग लागत नाही. पण भाग सरकवणारा लूप असेल तर तो माणसांनाही सरकवतो. बसलेल्या माणसाची जागा नीट लावण्यासाठी स्क्रिप्ट लिहिणारे हीच सोय जाणूनबुजून वापरतात.

मग प्रिम कोणता आणि माणूस कोण हे लूपला कळावे कसे? एक सुरेख उपाय रूढ आहे. प्रत्येक क्रमांकाची की घ्यायची आणि तिला अवताराची उंची-रुंदी विचारायची. ठोकळ्याला अवताराचे माप नसते, उत्तर शून्य व्हेक्टर येते. उत्तर शून्य नसेल तर तो माणूस. लूपच्या आत लिहिलेली ही एक अट पुरते, आणि शेवटच्या क्रमांकाकडून मागे येत गेले तर पहिला ठोकळा भेटताच थांबता येते. होडीत किती जण आहेत हे कळायला होडीचा एकही भाग विनाकारण तपासावा लागत नाही. कोड वाचून आनंद होतो म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगायचे झाले तर मी हे उदाहरण देईन.

याच होडीची आणखी एक गोष्ट. प्रत्येक रीजनचे काम सर्व्हरवरचा स्वतंत्र प्रोग्रॅम पाहतो. होडी एका रीजनमधून दुसऱ्यात शिरते तेव्हा ती माणसांसकट एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणी पाठवली जाते. त्याच वेळी तिची स्क्रिप्ट लूपच्या मध्यावर असेल तर? ती आयची किंमत बरोबर घेऊन जाते आणि पलीकडे तिथूनच पुढे चालू लागते. पाचव्या फेरीत सीमा ओलांडली तर सहावी फेरी नव्या रीजनमध्ये. जुन्या यंत्रणेत हे होतेच. मोनोवर आणताना धावता कोड मधेच थांबवून, बांधून, दुसरीकडे उलगडण्याची सोय नव्याने घडवावी लागली. लिंडेन लॅबचे जिम पर्ब्रिक यांनी त्या कामाविषयी जाहीरपणे बोलून ठेवले आहे. लूप लिहिणाऱ्याला यातले काहीच लिहावे लागत नाही. त्याच्या चार ओळी निर्वेध चालाव्यात म्हणून इतकी मोठी मेहनत कोणीतरी घेतली आहे, हे वाचणाऱ्याने तरी जाणावे.

एलएसएलमध्ये काय नाही याचीही यादी मोठी आहे. ॲरे नाही, फक्त लिस्ट. लूपमधून मधेच बाहेर पडायला ब्रेक नाही. जंप आहे, नाहीतर अटीतच सोय करावी लागते:

फॉर (आय = ०; आय < एन && सापडले == फॉल्स; ++आय)

‘आय एनपेक्षा लहान असेपर्यंत आणि सापडले नसेपर्यंत’ असे हे सरळ वाक्य आहे आणि मला ते ब्रेकपेक्षा आवडते. थांबण्याचे कारण लूपच्या दारातच लिहिलेले असते, आत कुठेतरी दडलेले नसते. पण एक बारकावा जपावा लागतो. सी भाषेत ‘आणि’च्या डावीकडचे खोटे ठरले की उजवीकडे पाहिलेच जात नाही. एलएसएल दोन्ही बाजू नेहमी पाहते. त्यामुळे उजवीकडे लिस्टमधली किंमत विचारलेली असेल तर लिस्टच्या बाहेरचा क्रमांक कधीतरी विचारला जाणारच. बऱ्याच भाषांत त्या क्षणी प्रोग्रॅम कोसळतो. इथे लिस्टमधून स्ट्रिंग मागितली आणि तो क्रमांक नसला तर रिकामी स्ट्रिंग मिळते आणि काम पुढे चालू राहते. दोन उणिवा एकमेकींना सांभाळून घेतात. अर्थात या सांभाळून घेण्याची किंमत आहे: मर्यादा एकाने चुकली तरी कोणी ओरडत नाही, एक रिकामा नमस्कार हवेत जातो आणि चूक महिनोन्‌महिने लपून राहते. भाषा ओरडत नसल्यामुळे मर्यादा तपासण्याची जबाबदारी लिहिणाऱ्याकडे अधिक येते.

नुसते शोधायचेच असेल तर मात्र लूप लिहू नये. एलएल-लिस्ट-फाइंड-लिस्ट ते काम एका हाकेत आणि कितीतरी वेगाने करते. चांगल्या स्क्रिप्टमध्ये लूप थोडे असतात.

रचनेचा लूप वेगळ्या तऱ्हेचा. समजा बारा दगडांचे वर्तुळ मांडायचे आहे. प्रत्येक दगडाचा कोन काढणारी ओळ:

फ्लोट अँगल = टू_पाय * आय / एन;

ही ओळ डोळे मिटून लिहिता येण्यासारखी वाटते. पण क्रम बदलून ‘आय / एन * टू_पाय’ असे लिहिले तर बाराही दगड एकाच जागी एकात एक उभे राहतात. आय आणि एन दोन्ही पूर्णांक असल्याने त्यांचा भागाकारही पूर्णांक येतो, आणि शून्य ते अकरापर्यंतच्या कोणत्याही संख्येला बाराने भागले की उत्तर शून्य. गुणाकार आधी केला की दशांश शिरकाव करतो आणि वर्तुळ उघडते. गणितात दोन्ही ओळी सारख्याच, इथे मात्र एका ओळीत वर्तुळ आहे आणि दुसरीत ढीग.

दगड प्रत्यक्ष जमिनीवर आणणाऱ्या एलएल-रेझ-ऑब्जेक्ट या फंक्शनची झोप आहे ०.१ सेकंद. दहा मीटरच्या पलीकडे त्याला वस्तू ठेवता येत नाही, म्हणून वर्तुळही त्याच्या आतच हवे. त्या दशांश सेकंदामुळे बारा दगड एकदम प्रकट होत नाहीत. सेकंद-सव्वा सेकंदात ते एकामागून एक उगवतात. कोन शून्य म्हणजे एक्स अक्ष आणि सेकंड लाइफमध्ये एक्स अक्ष पूर्वेकडे जातो, म्हणून पहिला दगड पूर्वेला. मग उत्तर, पश्चिम, दक्षिण असा फेरा. एरवी फेऱ्या दिसत नाहीत, निकाल दिसतो. इथे लूप धावताना डोळ्यांनी पाहता येतो. शिवाय या फंक्शनच्या शेवटच्या जागी एक पूर्णांक देता येतो, आणि तो नव्याने जन्मलेल्या दगडाच्या स्क्रिप्टला पोहोचतो. तिथे आय दिला की प्रत्येक दगडाला आपला क्रमांक जन्मतःच ठाऊक असतो. नंतर त्यांनी आळीपाळीने उजळायचे असेल, सूर लावायचा असेल, तर तो क्रमांक कामाला येतो.

वस्तूने वस्तू जन्माला घालण्याच्या या शक्तीला मर्यादा नसली तर काय होते तेही या जगाने अनुभवले आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वतःच्याच प्रती काढत सुटलेल्या सोनेरी कड्यांनी सेकंड लाइफ भरून गेले आणि लिंडेन लॅबला काही काळ लोकांचा प्रवेश थांबवावा लागला. फॉरच्या ओळीतला मधला भाग, ती छोटीशी अट, किती गंभीर आहे हे त्या दिवशी दिसले.

मर्यादेचा दुसरा अर्थ वेळेचा. रीजनमधल्या सगळ्या स्क्रिप्ट त्या २२ मिलिसेकंदांच्या फ्रेममधला वेळ वाटून घेतात. त्याच फ्रेममध्ये माणसांचे चालणे, वस्तूंचे पडणे, सगळे व्हायचे असते. कोणाचा लूप कितीही लांबला तरी सर्व्हर त्याला तुकड्यातुकड्यांनी वेळ देतो, त्यामुळे जग थांबत नाही. ती स्क्रिप्ट मात्र दुसरे काही ऐकू शकत नाही. एक इव्हेंट संपेपर्यंत दुसरा रांगेत उभा राहतो, आणि रांगेत ६४ जागा आहेत. लांब लूपमध्ये अडकलेल्या दाराला तुम्ही कितीही स्पर्श करा, ते उघडत नाही.

म्हणून लांब कामासाठी जाणते लोक फॉर मोडतात. आय सगळ्या इव्हेंटच्या बाहेर, स्क्रिप्टच्या माथ्यावर नेऊन ठेवतात आणि टायमरच्या प्रत्येक ठोक्याला एक फेरी करतात. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळेत स्क्रिप्ट स्पर्श ऐकते, बोलणे ऐकते. अशी वस्तू सातव्या फेरीनंतर कोणी उचलून आपल्या सामानात ठेवली आणि वर्षभराने पुन्हा जमिनीवर मांडली, तरी स्क्रिप्ट रीसेट केली नसेल तर ती आठव्या फेरीपासून पुढे जाते. फॉरचा देह इथे उरलेला नाही. आरंभ एका ठिकाणी, अट दुसऱ्या ठिकाणी, पाऊल तिसऱ्या ठिकाणी. पण अर्थ तोच, आणि इतरांना वेळ देण्याची समज त्यात जास्त.

मराठी लिहिणाऱ्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. टंकलेखन यंत्रासारखी अक्षरे एकेक करून दाखवणारा लूप सेकंड लाइफमध्ये लोकप्रिय आहे. इंग्रजीत तो सरळ चालतो. ‘मराठी’ या शब्दावर तो चालवला तर पाच फेऱ्या होतात: म, र, काना, ठ, वेलांटी. शब्द ‘मर’ होतो, ‘मरा’ होतो, ‘मराठ’ होतो आणि मग पुरा होतो. लूप चिन्हे मोजतो, आपण अक्षरे. पुढचे चिन्ह काना-मात्रा आहे का हे पाहून एकाच फेरीत दोन पावले टाकणारा लूप आपल्याला लिहावा लागतो. चॅटमधल्या एका संदेशाला १०२४ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट लागतात, म्हणून मराठी निरोप ३४१ चिन्हांपर्यंतच जातो. लांब मजकूर तोडून पाठवणारा लूप लिहिताना हा हिशेब आधी करावा.

ओपनसिम्युलेटर या मुक्तस्रोत प्रकल्पानेही एलएसएल स्वीकारली, त्यामुळे हे लूप सेकंड लाइफच्या बाहेरही चालतात. लिंडेन लॅबने अलीकडे लुआउ या भाषेला आपल्या जगात जागा द्यायला सुरुवात केली आहे. तिच्यात फॉरचा व्हेरिएबल फॉरच्या ओळीतच जन्मतो, लूपबरोबर संपतो, ब्रेक मिळतो आणि टेबलातली मोजणी एकपासून सुरू होते. लिहायला ती नक्कीच सोपी आहे आणि नव्या लोकांनी ती शिकावी. तरी माझी एक विनंती आहे. सेकंड लाइफचे साधे खाते फुकट मिळते, सार्वजनिक सँडबॉक्समध्ये कोणालाही वस्तू मांडता येते, आणि ज्यांचा कोड उघडून वाचता येतो अशा स्क्रिप्ट तिथे भरपूर आहेत. लुआउकडे जाण्याआधी त्यांतली एखादी जुनी होडी घ्या आणि तिच्यातला लूप शेवटच्या क्रमांकापर्यंत वाचा.